म्हातारपणी आलेली भीती

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आमची कुत्री 11 वर्षांची होती. एका रात्री ढग गडगडले आणि ती उठून थेट बाथरूममध्ये गेली, कमोडच्या मागे अंग चोरून बसली. तोवर विजा कडाडत असताना ही बया दारात पाय पसरून घोरायची. मी इतकी वर्षं जनावरांचा डॉक्टर, पण म्हणालो काय, तर ‘वय झालंय, भित्री झालीय’. आठ महिने हेच म्हणत राहिलो. मग एकदा तिला गाडीत चढवताना कमरेला माझा हात लागला आणि ती कळवळली. एक्स-रे काढला, तर दोन्ही खुबे झिजलेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सांध्याचा आणि ढगांचा काय संबंध, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. आता मी इथे टेबलावर जोरात थाप मारली, तर तुमचे खांदे वर जातील, मान आवळेल. दचकणं म्हणजे तेच, सगळे स्नायू एका क्षणात ताठ. सांधा दुखरा असेल तर त्याच क्षणी कळ जाते. चार वेळा असं झालं की कुत्र्याच्या डोक्यात आवाजाची आणि कळेची गाठ बसते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. 10 कुत्र्यांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं, 10 जणांना नव्हतं. दुखणं असलेल्यांमध्ये भीती सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा सुरू झाली होती. 20 हा आकडा लहान आहे, मान्य. पण तो वाचल्यापासून, ‘डॉक्टर, हा आत्ताआत्ताच आवाजाला घाबरायला लागलाय’ असं कोणी म्हटलं की मी आधी पाठ, खुबे आणि गुडघे चाचपतो.

दुखणं निघालं म्हणून घरातली पेनकिलर मात्र देऊ नका. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल माणसांसाठी आहेत, कुत्र्याला त्यांची विषबाधा होते. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं मिळतात.

‘पण त्याला तर ऐकूच कमी येतं हल्ली!’ हेही नेहमी कानावर येतं. म्हातारपणी सगळं एकदम बंद होत नाही. साधारणपणे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, खालच्या पट्टीची घरघर, गडगड बराच काळ टिकते. शिवाय मेंदूही थकतो. कॅलिफोर्नियातल्या 2001 च्या एका पाहणीत 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांमध्ये आणि 15-16 वर्षांच्यांपैकी 68 टक्क्यांमध्ये विसराळूपणाचं किमान एक तरी लक्षण होतं. रात्री येरझारा घालणं, कोपऱ्यात जाऊन अडकणं, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी बघणं यांच्या जोडीला भीती आली असेल तर डॉक्टरांना ते सगळं सांगा, फक्त भीती नको. आणि आवाज नसतानाही धाप लागत असेल तर तिला भीती समजू नका, आधी हृदय तपासून घ्या.

आता घरातलं. लपायची जागा कुत्र्याला निवडू द्या. त्याने पलंगाखालची जागा धरली असेल तर तिथून ओढून काढू नका. वाटेत फरशी गुळगुळीत असेल तर पायपुसणी टाका, घाबरलेलं म्हातारं कुत्रं घसरलं की दुखण्यात भर. आवाज होणार हे आधी कळलं, तर त्याला शी-शूला लवकर फिरवून आणा, पट्टा न सोडता. खिडक्या लावा, पंखा चालू ठेवा.

जवळ घेतलं तर लाडावेल आणि भीती वाढेल, हा समज डोक्यातून काढून टाका. भीती ही काही खोडी नव्हे, की लाड केल्याने सोकावेल. तुमच्या कुशीत यायचं असेल तर येऊ द्या, नको असेल तर ओढू नका.

सगळ्यात उपयोगी गोष्ट सगळ्यात सोपी आहे. धडाम झालं की लगेच खाऊ. प्रत्येक धडामला, आणि खाऊ साधासुधा नाही, ज्याच्यासाठी तो जीव टाकतो तो. दात गेले असतील तर मऊ. क्रम चुकवू नका, आधी आवाज, मग खाऊ. उलट केलंत तर डबा उघडला की आता धडाम होणार, एवढंच तो शिकेल. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या संशोधकांनी 2020 मध्ये छापलेल्या पाहणीत हा उपाय केलेल्या मालकांपैकी 70 टक्क्यांहून अधिक जणांनी गुण आल्याचं सांगितलं. कुत्रा खाऊकडे ढुंकूनही बघत नसेल, तर भीती त्याच्या पलीकडे गेलीय. तिथे औषध लागतं, आणि ते मागायला लाजू नका.

औषधाबद्दल दोनच गोष्टी. नुसतं सुस्त करणारं औषध भीती घालवत नाही. एसप्रोमाझिन हे तसलंच औषध, त्याने कुत्रा हलत नाही, आत मात्र तेवढाच घाबरलेला असतो. ते एकटं कोणी लिहून दिलं तर दुसरं काही आहे का, असं विचारा. आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड रक्त तपासून बघितल्याशिवाय काही सुरू करू नका. पहिला डोस शांत दिवशी देऊन बघा, म्हणजे तो किती झोपतो, तोल जातो का, ते कळेल.

अंगाला घट्ट बसणारे जॅकेट? काहींना चालतं, काहींना ढिम्म फरक पडत नाही. सांधे दुखत असतील तर ते चढवतानाच जास्त त्रास.

आमच्या कुत्रीचं विचारताय? दुखण्याचं औषध सुरू झालं, वजन कमी केलं. आता लांबचा गडगडाट ती मान वर करून ऐकते आणि पुन्हा झोपते. जवळ वीज पडली तर अजूनही कमोडमागे. तिथे आम्ही तिची गादीच घातली आहे, रात्री पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.