आईंना सांगितलेला सिनेमा

नमस्कार श्रोतेहो.

आज एका सिनेमाबद्दल बोलणार आहे, आणि तेही रेडिओवरून. ज्याचं निम्मं कौतुक डोळ्यांनी करायचं तो सिनेमा तुमच्या कानात कसा घालायचा, ही माझी पंचाईत तुमच्या लक्षात आलीच असेल. पण घरी एकदा ती निभावून झाली आहे, म्हणून जरा धीर आहे.

२०१४ साली आलेला ख्रिस्तोफर नोलनचा ‘इंटरस्टेलर’ फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरात पुन्हा लागला. दहा वर्षं जुना सिनेमा, घरबसल्या मोबाइलवर बघता येणारा, आणि तरी आयमॅक्सची तिकिटं मिळता मिळेनात. माझ्या भाच्याने कुठून तरी दोन पैदा केली, सकाळच्या खेळाची. लोअर परळला, जिथे एके काळी फिनिक्स मिल होती, तिथल्या मॉलमध्ये.

हा भाचा मालाडच्या एका स्टुडिओत रोटो करतो. म्हणजे चालत्या चित्रातल्या माणसाची कड फ्रेममागून फ्रेम कोरून काढायची. एकदा माणूस सुटा झाला की त्याच्यामागे महाल लावा नाहीतर मंगळ लावा. वाऱ्यावर उडणारे केस आले की या पोरांच्या रात्री जातात. त्याच्याबरोबर सिनेमा बघणं हा एक जाच असतो. आपण पदर डोळ्यांना लावलेला असतो आणि हा कानाशी येऊन म्हणतो, ‘मामी, ती कड बघ, काय क्लीन आहे!’

दुपारी लालबागला घरी आलो. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झालाय. समोर बघितलं की मधलं सगळं धूसर, कडेकडेचं तेवढं दिसतं. नातवाला कडाच दिसतात आणि आजीलाही कडाच, असं आमचं घर. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. हाताला सवय असल्यामुळे त्यांना बघावं लागत नाही. म्हणाल्या, ‘काय गो, तीन तास काय बघून आलात? सांग मला.’

मी पाटावर बसले आणि सांगायला लागले. हे मला नवं नव्हतं. आमच्या लहानपणी गिरगावच्या चाळीत एक जण सिनेमा बघून यायचा आणि रात्री गच्चीवर बाकीच्यांना सांगायचा. माझा मामा त्यात पटाईत होता. घोड्यांच्या टापा, ठिशांव ठिशांव, नायिकेचं रडणं, सगळं एकटा करायचा. पण कधी कधी मध्येच हात झटकायचा, ‘मग पंधरा मिनिटं नुसती गाडी पळते,’ म्हणायचा आणि पुढे जायचा. तिथे सिनेमात गोष्ट नव्हती, नुसतं शूटिंग होतं, एवढं आम्हां पोरांनाही कळायचं.

तर आईंना सांगितलं, की पृथ्वीवर धुळीची वादळं सुरू झालीत आणि एकेक पीक कायमचं मरत चाललंय. गहू गेला, यंदा भेंडी गेली, आता फक्त मका उरलाय. ‘भेंडीसुद्धा?’ आई म्हणाल्या आणि त्यांचा हात थांबला. भेंडी ऐकल्यावर जगबुडी त्यांना एकदम पटली. कूपर नावाचा एक शेतकरी आहे, पूर्वीचा वैमानिक. त्याला दहा वर्षांची मुलगी आहे, मर्फ. तिच्या खोलीतल्या फडताळातून पुस्तकं आपोआप खाली पडतात, ती म्हणते भूत आहे. माणसांना राहायला दुसरी जागा शोधण्याच्या मोहिमेवर बाप निघतो. मुलगी रुसते. तिच्या हाताशी एक घड्याळ ठेवून बाप जातो. शनीपाशी अवकाशाला एक भोक पडलंय, त्यातून पलीकडे गेलं की एका कृष्णविवराभोवती फिरणारे ग्रह आहेत.

कृष्णविवर, म्हणजे प्रकाशालाही गिळून टाकणारं विवर. हा शब्द आईंना समजावून सांगावा लागला नाही, कारण माझ्या सासऱ्यांना जयंत नारळीकरांच्या कथांचं वेड होतं. नारळीकर कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते तेव्हाची, १९७४ची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. कागद आणि शाई एवढ्याच भांडवलावर! नोलनच्या सिनेमाच्या बरोबर चाळीस वर्षं आधी.

नोलनकडे भांडवल दांडगं होतं आणि त्याने ते पाण्यात घातलं नाही. सल्लागार म्हणून किप थॉर्न हा भौतिकशास्त्रज्ञ घेतला, ज्याला पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. थॉर्नने समीकरणं दिली, लंडनच्या डबल निगेटिव्ह कंपनीतल्या लोकांनी त्यावरून प्रकाश कसा वाकेल ते दाखवणारा खास प्रोग्रॅम लिहिला, आणि काही फ्रेम अशा निघाल्या की एकेकीला शंभर तासांपर्यंत वेळ लागला. सेकंदाला चोवीस फ्रेम, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. मधोमध काळा गोळा आणि त्याच्या वरून, खालून, समोरून वाकून गेलेलं तेजाचं कडं. खऱ्याखुऱ्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाला दिसलं ते एप्रिल २०१९ मध्ये.

पण भाच्याने मला एक गंमत सांगितली. गणिताप्रमाणे ते कडं दोन्ही बाजूंना सारखं दिसायला नको. जी बाजू गरगरत आपल्याकडे येतेय ती जास्त उजळ, दूर जाणारी मंद. नोलनने तो फरक काढून टाकायला लावला, प्रेक्षक गोंधळतील म्हणून. इतकं करून शेवटी शास्त्राला गोष्टीने कोपर मारलंच. मला यात नोलन आवडला.

चमत्कार दाखवून लोकांना खुर्चीत बसवणं मुंबईला नवं नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले आणि भांडवलासाठी वणवण करायला लागले. कुणाला विश्वास वाटेना. मग त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात दाण्याला कोंब फुटून वेल चढला. ‘अंकुराची वाढ’. ती बघून लोकांनी कर्ज दिलं. नट नाही, संवाद नाहीत, तरी तेवढ्यात गोष्ट आहे. कोंब वर येतो की नाही याची धाकधूक आहे ना!

फाळक्यांनी महिना मिनिटात बसवला. नोलन उलटं करतो, आणि तेही एका ग्रहावर. हा ग्रह कृष्णविवराच्या इतका जवळ आहे, की तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. सगळीकडे घोट्यापर्यंत पाणी. लांबवर डोंगरांची रांग दिसते आणि मग कळतं, की ते डोंगर नाहीत, ती लाट आहे. आयमॅक्सच्या पडद्यावर ती लाट उभी राहते तेव्हा पोटात खड्डा पडतो. लाट यानावर आदळते, इंजिनात पाणी शिरतं, एक सोबती जातो, पाणी निथळेपर्यंत थांबून राहावं लागतं.

मी ती लाट हातवारे करकरून सांगत होते. आईंचं लक्ष लाटेत नव्हतंच. त्या म्हणाल्या, ‘थांब, थांब. तासाला सात वर्षं? मग पोरगी केवढी झाली?’

बघा हं. सव्वाशे माणसं एका लाटेपुढे तोंडं उघडी टाकून बसली होती, आणि जिने काही पाहिलं नाही तिने नेमका धागा पकडला. बाकीचे ग्रह सुंदर आहेत, यानं सुंदर आहेत, पण त्या लाटेची किंमत एका पोरीच्या बालपणातून वसूल होते आहे. म्हणून ती लाट नुसती लाट राहत नाही. संगीतकार हान्स झिमरला नोलनने सुरुवातीला सिनेमा अवकाशातला आहे हेसुद्धा सांगितलं नव्हतं म्हणे. बाप आणि मूल यांच्याबद्दलचं एक पान तेवढं दिलं आणि यावर चाल कर म्हणाला. झिमरने एका दिवसात केली.

मी आईंना सांगितलं, की बाप वरच्या यानात परत येतो तेव्हा तेवीस वर्षं, चार महिने, आठ दिवस उलटलेले असतात. तो बसतो आणि पृथ्वीवरून येऊन साठलेले निरोप बघतो. तिकडून येतात, त्याचे तिकडे जात नाहीत. पडद्यावर मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्याला मूल होतं. आणि शेवटी, इतकी वर्षं न बोललेली मुलगी येते. म्हणते, आज माझा वाढदिवस. तू गेलास तेव्हा जेवढा होतास, तेवढी मी आज झाले.

आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आमचा झगा असाच आखूड यायचा.’

मला संदर्भ लागेना. त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील परळला गिरणीत होते, आई आणि पोरं रत्नागिरीकडे गावात. वडील वर्षातून एकदा यायचे, शिमग्याला, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. पावसाळ्यात बोटी बंद. मध्ये मनीऑर्डर यायची, तिच्या कुपनावर चार ओळी, त्या मास्तर वाचून दाखवायचे. इकडून उत्तर कोण लिहिणार? येताना वडील यांच्यासाठी लालबागहून झगा आणायचे, आणि तो दर वर्षी आखूड व्हायचा. ‘त्यांच्या डोक्यात मी गेल्या शिमग्याएवढीच असायची ना! ते गिरणीच्या भोंग्यावर उठायचे नि भोंग्यावर झोपायचे, त्यांना काय कळतंय वर्ष गेलेलं? वाढायचे आम्ही.’

सापेक्षतेचा सिद्धान्त मी बी.एस्सी.ला दोन वर्षं शिकले. इतका तो मला तेव्हाही कळला नव्हता.

आता तक्रारी. पहिली आईंचीच. ‘तो वर थांबलेला होता त्याचं काय?’ वरच्या यानात रोमिली नावाचा एक जण एकटा थांबलेला असतो. तेवीस वर्षं! मधली काही वर्षं त्याने झोपून काढली, तुम्ही परत याल ही आशा सोडली होती, अशी दोन-चार वाक्यं तो बोलतो आणि सिनेमा पुढे सरकतो. केस पिकलेला तो माणूस मलाही पहिल्यांदा बघताना नीट दिसला नव्हता. खरी कादंबरी त्याच्याकडे होती. तिच्याऐवजी आपल्याला मिळते पुढच्या बर्फाळ ग्रहावरची मारामारी. तिथे मीही मामासारखा हात झटकला आणि पुढे गेले.

दुसरी तक्रार शेवटाची. कूपर कृष्णविवरात पडतो आणि पोचतो कुठे, तर मुलीच्या फडताळाच्या मागे. अनंत फडताळं, अनंत खोल्या, प्रत्येक खोलीत एकेक क्षण. दिसायला अप्रतिम. भूत म्हणजे बापच, हे आईंना आवडलं, त्यांनी ते आधीच ओळखलं होतं. पण मग तो आणि टार्स नावाचा यंत्रमानव एकमेकांना सगळं समजावत बसतात. हे कुणी बांधलं, पाच मिती कशा, प्रेम काळाच्या पार कसं जातं. मला सांगताना धाप लागली. आई म्हणाल्या, ‘प्रेम आहे हे त्याला कोण सांगतंय? माहीत नव्हतं त्याला?’

शेवट सांगता येत नाही म्हणून तो वाईट, असं मी म्हणणार नाही. स्टॅनली क्युब्रिकचा १९६८चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ मी आईंना एकदा सांगून बघितला होता. शेवटी एक पांढरी खोली, तिथे एक म्हातारा, मग अवकाशात तरंगणारं बाळ. ‘कुणाचं बाळ?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण क्युब्रिक पहिल्यापासून गप्प आहे, त्याने गोष्ट सांगतो असं कबूलच केलेलं नाही. नोलनने बाप-लेकीची गोष्ट कबूल केली, निम्म्यापर्यंत ती सोन्यासारखी सांगितली, आणि ऐन वेळी फळा-खडू घेऊन उभा राहिला.

‘मग भेटली का पोरगी?’ आईंना एवढंच हवं होतं.

भेटली, म्हटलं. ती आता खूप म्हातारी झाली आहे, शेवटच्या घटका मोजते आहे, भोवती मुलं-नातवंडं आहेत. बाप तसाच, तरणा. दोघं दोन-तीन मिनिटं बोलतात. मग ती त्याला म्हणते, पोटच्या पोराचं मरण आईबापाने बघू नये, तू जा. आणि तो जातो.

‘गेला?’

हो.

‘एवढा जीव टांगून आला नि दोन मिनिटांत गेला? नातवंडांशी बोलला?’

नाही.

‘येताना काय आणलं होतं तिच्यासाठी?’

मी आठवून बघितलं. काही नाही, म्हटलं. घड्याळ आधीच दिलेलं होतं.

आईंनी निवडलेल्या मेथीची परात माझ्याकडे सरकवली. ‘बसायचं होतं गो त्याने,’ म्हणाल्या.

परवा त्यांनी मला पुन्हा हाक मारली. दुपारची वेळ, लाइट गेलेले, टीव्ही बंद. म्हणाल्या, ‘तो पाण्याचा ग्रह सांग. निरोप येतात तिथपर्यंतच सांग, पुढचं नको.’