ज्याला टोकता येते असा पुढारी

श्रोतेहो, नमस्कार. ख्रिस्ती नेतृत्वाचा विषय निघाला की योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आठवतोच. वल्हांडण सणापूर्वीच्या त्या भोजनात प्रभू येशू उठला, त्याने कमरेला रुमाल बांधला आणि दासाचे काम हाती घेऊन शिष्यांचे पाय धुतले. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे पूर्णपणे ठाऊक असताना तो उठला, असे योहान आवर्जून सांगतो. तेव्हा या नम्रतेला दुबळेपणा म्हणता येणार नाही. त्याने धुतलेल्या पायांत त्याला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते, हे तर आपण फारच लवकर विसरतो.

आज मला अधिक बोलायचे आहे ते त्या शिष्यांपैकी पेत्राविषयी. आपले पाय प्रभूने धुवावेत हे त्याला पटेना. पुढे कैसरियात कर्नेल्य हा शताधिपती त्याच्या पाया पडला, तेव्हा मात्र पेत्राने त्याला उठवले आणि आपणही माणूसच आहोत, असे सांगितले. मान नाकारणे त्याला जमले. परंतु पुढाऱ्याची खरी परीक्षा चूक दाखवली जाते तेव्हा होते, असे मला वाटते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की, अंत्युखियात यहूदीतर बांधवांच्या पंक्तीला बसणारा पेत्र यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहूदी माणसे येताच त्यांच्या भीतीने बाजूला झाला, पौलाचा सहकारी बर्णबाही त्यात ओढला गेला, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला जाब विचारला. पेत्राचे उत्तर तेथे नोंदलेले नाही. मात्र पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, स्वतःची ओळख ‘सोबतीचा वडील’ अशी करून देतो आणि कळपावर धनीपण न गाजवता त्याच्यापुढे कित्ता ठेवा, अशी विनवणी करतो.

पवित्र सप्ताहात पाय धुण्याचा विधी करणे सोपे आहे. मंडळीच्या हिशेबाविषयी एखाद्या तरुण सभासदाने प्रश्न विचारला असता, तो शांतपणे ऐकून घेणे कठीण आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम लिहिले, तेव्हा महत्त्वाच्या प्रत्येक बाबीत मठाधिपतीने सर्व बंधूंना एकत्र बोलवावे, कारण अधिक चांगले काय ते प्रभू पुष्कळदा धाकट्याला प्रकट करतो, असे तिसऱ्या अध्यायात नमूद केले. त्या नियमानुसार निर्णय अखेर मठाधिपतीच घेतो, आणि त्या निर्णयाचा जाब त्याला देवापुढे द्यावा लागतो.