माथेरान, पॉइंटच्या पाट्या बाजूला ठेवून

दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की संपलं, पुढे पेट्रोल-डिझेलवाल्या गाड्यांना एन्ट्रीच नाही, म्हणून आपण चालत निघालोय. आत्ताच बूट बघा माझे! जांभ्याची लाल माती आहे ही, दोनदा धुतले तरी जात नाही. समोरून येतोय त्या घोड्यावर टुरिस्ट नाहीये, दोन बाजूला दोन गॅस सिलिंडर बांधलेत. रात्री हॉटेलात आपण जे जेवतो ना, ते सगळं असंच वर येतं.

माथेरानचा इतिहास म्हटलं की सगळे सांगतात १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण ‘शोधलं’. आता शोधलं म्हणजे काय? ठाकर, धनगर, कातकरी लोक या डोंगरात आधीपासून होतेच की. साहेबाचा मुक्काम होता खाली चौक गावात आणि तो वर आला तोसुद्धा गावातला माणूस सोबत घेऊनच. पण इथल्या पॉइंटना नावं लागली साहेबांच्या पसंतीची, लुईसा, अलेक्झांडर, पॅनोरमा वगैरे.

नेरळहून वर येणारी ट्रेन मात्र देशी माणसाच्या पैशातून झाली हं. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांनी काम उभं केलं, १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. रूळांमधलं अंतर फक्त २ फूट आणि वळणं अशी की खिडकीतून आपलंच इंजिन दिसतं!

पण मला खरं सांगायचंय ते या बाजारातल्या एका पोराबद्दल. विठ्ठल कोतवाल, जन्म इथलाच, १९१२ चा, घरचा धंदा केस कापायचा, परिस्थिती बेताची. हा मुलगा शिकून वकील झाला, गावात परत आला, १९४१ मध्ये नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. लोक त्यांना भाई म्हणायचे. मग आलं बेचाळीस, ‘चले जाव’चं आंदोलन. खुर्ची सोडून भाई जंगलात गेले, आझाद दस्ता नावाची क्रांतिकारकांची भूमिगत तुकडी उभी केली आणि मुंबईकडे वीज नेणारे टॉवर पाडायला लागले, म्हणजे थेट गिरण्या आणि रेल्वेच्या वर्मावर घाव! सरकारने बक्षीस लावलं, शेवटी ठावठिकाणा फुटला. २ जानेवारी १९४३, सिद्धगडाच्या जंगलात पहाटे पोलिसांनी घेरलं आणि भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील दोघं गोळीला बळी पडले. भाई तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे.

बाजारात त्यांचं स्मारक आहे, चिक्की घेताना आपण त्याच्या बाजूनेच जातो. मीसुद्धा चार ट्रिपा तसाच गेलोय, खोटं कशाला बोलू.

आता पॅनोरमा पॉइंटवर आलोय. खाली नेरळ दिसतंय, ते बारीक रेघेसारखं रूळ, आणि पलीकडे धुरकट दिसतेय ती सह्याद्रीची रांग. सिद्धगड तिकडेच, मुरबाड तालुक्यात. दर २ जानेवारीला लोक जातात तिथे. माकडं फार आहेत इथे, कॅमेरा घट्ट धरतो.