गोळीचा गुण येत नसेल तर

श्रोतेहो, नमस्कार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या गोव्यात आढळले. दीर्घकाळच्या मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुबळे होतात व अनेक पुरुषांच्या लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही. साखरेबद्दल चारचौघांत बोलणारा माणूस ही तक्रार मात्र डॉक्टरांपासूनही लपवतो, याचे मला फार वाईट वाटते, कारण यावर उपचार आहेत.

ताठरतेसाठी दिल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळीचा परिणाम मज्जातंतूंकडून येणाऱ्या संदेशावर अवलंबून असतो. मधुमेहात किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत हे तंतू दुखावले असतील, तर गोळीचा गुण येईलच असे नाही. अशा वेळी लिंगात घ्यायच्या इंजेक्शनचा विचार होतो. फ्रेंच शल्यविशारद रोनाल्ड विराग यांनी १९८२ मध्ये पापावेरीन या औषधाचा हा उपयोग मांडला. पुढे त्याला फेंटोलामीन आणि अल्प्रोस्टाडिल या औषधांची जोड मिळून ‘ट्रायमिक्स’ हे मिश्रण रूढ झाले. ही औषधे तिथल्या स्नायूंना थेट सैल करतात, रक्त आत भरते आणि पाच ते पंधरा मिनिटांत ताठरता येते. तिन्ही एकत्र असल्याने प्रत्येकाची मात्रा कमी लागते.

सुईचे नाव काढताच माणूस दचकतो, पण ती इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते. ती लिंगाच्या बाजूला टोचायची, वर किंवा खाली कधीही नाही, आणि दर खेपेस बाजू बदलायची. नंतर ती जागा काही मिनिटे दाबून धरायची. पहिली मात्रा दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली ठरली पाहिजे. मित्राची मात्रा आपल्याला चालेल असे समजू नये, आणि चोवीस तासांत दुसरे इंजेक्शन घेऊ नये. सिकलसेलचा आजार असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे आधीच सांगावे. हे मिश्रण उष्णतेने निकामी होते. आपल्याकडच्या मे महिन्यात ते फ्रीजबाहेर ठेवून चालणार नाही.

ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, तर ती आणीबाणी समजावी, कारण अडकलेल्या रक्तातील प्राणवायू संपून स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. रात्र असो वा पाहुणे घरी असोत, सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा तातडीचा विभाग गाठावा, औषधाची कुपी सोबत न्यावी आणि इंजेक्शन किती वाजता घेतले ते तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.