सकाळचा पहिला सेल्फ

श्रोतेहो, सातपूरच्या या सभागृहात येताना फाटकाजवळ उभी असलेली पांढरी गाडी तुम्ही पाहिली असेल. ती काल रात्री नऊपासून तिथेच आहे आणि तिची किल्ली माझ्या खिशात आहे. गाडी तुमच्यापैकीच एका गृहस्थांची आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी दहा-बारा सेकंद सेल्फ मारल्याशिवाय ती चालू होत नाही, आणि एकदा चालू झाली की दिवसभर किल्ली फिरवताच उचलते, अशी त्यांची तक्रार आहे. माझे बोलणे संपेपर्यंत तिचा सेल्फ कोणीही मारायचा नाही, एवढी एकच अट मी त्यांना घातली. या हट्टामागचे कारण हाच आजचा विषय आहे.

उभी राहून बिघडणारी गाडी गॅरेजात येते तेव्हा ती बिघडलेली नसते. मालक इंदिरानगरला घराखाली कसाबसा सेल्फ मारून ती चालू करतो, मुंबई नाक्याच्या गर्दीतून दहा वाजता आमच्याकडे पोहोचतो, तोवर इंजिन तापलेले असते, पाइपात पेट्रोलचा दाब असतो, बॅटरीही थोडीफार चार्ज झालेली असते. आम्ही किल्ली फिरवतो, गाडी लगेच चालू होते. मग गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवणे बरे दिसत नाही म्हणून बॅटरी बदलली जाते, पुढच्या खेपेला प्लग, त्यापुढच्या खेपेला सेल्फ. मीही सुरुवातीच्या काळात हे केले आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. दोष दिसण्याची वेळ चोवीस तासांत एकदाच येते, आणि ती वाया घालवली की पुन्हा रात्रभर थांबावे लागते. म्हणून अशी गाडी मी आदल्या संध्याकाळीच ठेवून घेतो.

गाडी उभी असताना तिच्यातला कोणताही भाग फिरत नाही, तरी तिच्यातून काही ना काही निसटत असते. बॅटरीतला करंट निसटतो, इंधनाच्या पाइपातला दाब निसटतो, इंजिनातली ऊब निसटते. यांपैकी काय गेले, हे ओळखण्यासाठी मी मालकाला आधी एकच प्रश्न विचारतो : किती वेळ उभी राहिल्यावर त्रास होतो? आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर होत असेल तर माझे लक्ष बॅटरीकडे जाते, एका रात्रीत होत असेल तर इंधनाकडे, आणि इगतपुरीला चहासाठी वीस मिनिटे थांबल्यावर होत असेल तर उष्णतेकडे. हा अंदाजच असतो. पुरावा मागाहून येतो. दुसरी गोष्ट कानाने ओळखायची. सेल्फ रडत रडत फिरतो की नेहमीच्या जोरात फिरतो आणि तरीही इंजिन पकडत नाही? या दोन तक्रारी सर्वस्वी वेगळ्या आहेत. पण फोनवर दोन्हींचे वर्णन 'गाडी चालू होत नाही' असेच येते.

सेल्फ हळू फिरत असेल तर मल्टिमीटर पुरेसा आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी आहे असे समजा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी भरलेली असूनही तो खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. आकडा वर राहूनही सेल्फ रडत असेल, तर दोष बॅटरीत शोधण्यात अर्थ नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरी इंजिनच्या धातूवर टेकवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तर इंजिनची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, खराब आहे. गंजलेली एक पट्टी आणि तिचा एक बोल्ट, एवढाच तो आजार असतो, आणि त्यापायी नवा सेल्फ बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

बॅटरी चांगली असूनही चार दिवसांत बसत असेल, तर गाडी बंद असताना कोणीतरी करंट खात आहे. घड्याळ, लॉक आणि कॉम्प्युटरसाठी ५० मिलिअँपिअरपर्यंतचा करंट सर्वसाधारण मानतात; त्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. पण कॅमेरा किंवा ट्रॅकर बॅटरीवर थेट जोडला आणि तो पाव अँपिअर घेऊ लागला, की दिवसाचे ६ अँपिअर-तास जातात, आणि तीन दिवसांच्या लग्नकार्याहून परत येईपर्यंत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी झालेली असते. हे मोजताना घाई करू नये. दार बंद केल्यावर गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वीस मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ घेतात. फ्यूज एकेक करून उपटत बसलो तर झोपलेले कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात, म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजावेत. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल, त्या वाटेने करंट जातो आहे.

आता माझ्या आवडीच्या दुखण्याकडे येतो, म्हणजे सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी, असलेल्या गाडीत टाकीतला पंप पाइपात सुमारे ३ ते ४ बार दाब ठेवतो. गाडी बंद केल्यावर हा दाब लगेच उतरू नये यासाठी पंपात एक छोटी एकमार्गी झडप असते. ती झडप सैल झाली, की रात्रीतून पेट्रोल हळूहळू टाकीत परतते, आणि सकाळी पंपाला सगळा पाइप पुन्हा भरावा लागतो. तोवर तुम्ही सेल्फ मारत राहता. यासाठी एक बिनखर्चाची चाचणी आहे. बऱ्याच गाड्यांत किल्ली नुसती पुढे फिरवली, की पंप सुमारे दोन सेकंद चालून थांबतो. मागच्या सीटवर कान दिला तर त्याची गुणगुण ऐकू येते. सकाळी सेल्फ न मारता किल्ली तीन वेळा अशी पुढे-मागे करा आणि मगच सेल्फ मारा. गाडी पहिल्या फेऱ्यात उचलली, तर रात्री दाब उतरतो यात फारशी शंका उरत नाही.

मात्र दाब उतरतो एवढ्यावरून पंप बदलायचा नाही. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडे तेच करून घेतले होते आणि तक्रार जशीच्या तशी राहिली होती. मी संध्याकाळी त्यांच्या गाडीला दाबाचे मीटर लावले, इंजिन चालवून बंद केले, आणि काटा घसरताना पाहिला. मग पुन्हा दाब भरला आणि टाकीकडून येणाऱ्या वाटेवरचा कॉक बंद केला. आता पेट्रोल टाकीत परतू शकत नव्हते, तरीही काटा घसरतच राहिला. म्हणजे गळती पुढे होती, इंजेक्टरकडे. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी चारही प्लग काढले. तिसरा ओला होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता, बाकीचे तीन कोरडे होते. दाब उतरणे दोन्ही दोषांत सारखेच असते, पण एकात सिलिंडरला पेट्रोल मिळत नाही आणि दुसऱ्यात ते जास्त होते. म्हणून इंजेक्टर टपकत असेल तर गाडी चालू होताना काळा धूर सोडते आणि थोडा वेळ अडखळते. पंपाची झडप गेली असेल तर ती उशिरा पण स्वच्छ चालू होते. हे सांगताना एक इशारा देतो, की आजच्या प्लास्टिकच्या इंधन पाइपाला चिमटा लावू नका, तो तडकतो. कॉक असलेली जोडणीच वापरा, आणि पाइप सोडण्यापूर्वी दाब उतरवा.

सीएनजीवाल्यांसाठी थोडे वेगळे बोलायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. पेट्रोल महाग म्हणून टाकीत दोन लिटर ठेवायचे आणि तेच दोन लिटर चार-पाच महिने पुरवायचे, ही सवय मी घराघरांत पाहतो. पेट्रोलचा जो हलका भाग थंड इंजिनात आधी पेटतो, तोच आधी उडून जातो. शिवाय टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. पाव टाकी ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाच-सहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

डिझेलचे शास्त्र निराळे आहे, कारण तिथे ठिणगी नाही; हवा दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेल फवारायचे. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांचा पिकअप डिसेंबरात माझ्याकडे आला होता. बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतील अशी थंडी होती, त्यामुळे हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारे प्लग, गेले असणार, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. मी त्यांना विचारले, ''दादा, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का?'' ते म्हणाले, ''अजिबात नाही.'' पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तो येत असता तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, असे म्हणता आले असते आणि हीटर प्लग तपासले असते. धूरच नाही, म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. मग त्यांनीच सहज सांगितले, की गाडी शेडमध्ये लावली की त्रास होतो, बांधाजवळच्या उतारावर लावली की होत नाही. शेडकडे गाडीचे तोंड चढाला असे, उतारावर ते खाली असे. तोंड वर असताना टाकी इंजिनाच्या खाली राहते, आणि कुठूनही हवा शिरली की पाइपातले डिझेल मागे ओघळते. फिल्टरनंतर पारदर्शक पाइपाचा वीतभर तुकडा जोडला, तर बुडबुडे डोळ्यांना दिसले. फिल्टरच्या टोपणाखालचे रबरी रिंगण चपटे झाले होते. निदान खरे तर त्या शेतकऱ्याने केले. मी फक्त पाइप जोडला.

गरम गाडीबद्दल थोडक्यात. कसारा घाट चढून थांबलेली गाडी वीस मिनिटांनी चालू होत नाही आणि तासाभराने होते, तेव्हा सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंवा स्कॅनरवरचा आकडा पाहावा. सेल्फ फिरत असूनही तो शून्यावर असेल, तर इंजिनाचे फिरणे कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर उष्णतेने दगा देतो आहे. तापमानाचा सेन्सर तपासायला मात्र पुन्हा सकाळच लागते. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे असायला हवे. बाहेर १२ अंश असताना सेन्सर पाणी ७० अंश असल्याचे सांगत असेल, तर कॉम्प्युटर गरम इंजिनाला पुरेल एवढेच पेट्रोल देतो आणि गार इंजिन उपाशी राहते.

गाडी चालू होत नाही म्हणून सलग सेल्फ मारत राहू नये. दहा सेकंद मारला की अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर सेल्फ जळतो. पेट्रोल गाडीला सारखे धक्के मारले तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टमध्ये जाऊन पेटते. आणि हीटर प्लग असलेल्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेने स्टार्टिंग स्प्रे मारणे हा तर सरळ धोका आहे; भलत्या वेळी भडका उडून पिस्टन फुटू शकतो.

बाहेरच्या गाडीला काल रात्री मी दाबाचे मीटर लावून ठेवले आहे. इंजिन बंद केले तेव्हा काटा ३.५ बारवर होता, आणि टाकीकडचा कॉक मी बंद केलेला आहे. आता आपण सगळे फाटकाशी जाऊ, आधी काटा वाचू आणि मग या गृहस्थांच्या हातात किल्ली देऊ. मागच्या रांगेतल्यांनी कृपया बॉनेटला हात लावू नये.