अंगाच्या मापाची गाडी

[दृश्य : भोसरी एमआयडीसीतलं गॅरेज. मागच्या चाकाजवळ टेप धरून बसलेले मिस्त्री.]

अंगाने थोराड माणूस दुचाकी घ्यायला गेला की त्याला हमखास एकच सल्ला मिळतो : मोठी गाडी घ्या. मोठी म्हणजे 650 सीसी, दोनशे किलोंच्या वरचं वजन आणि सिग्नलला मांड्यांवर येणारी इंजिनाची धग. पण रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 ची सीट जमिनीपासून 805 मिलिमीटरवर आहे आणि इंटरसेप्टर 650 ची 804 वर. इंजिन जवळपास दुप्पट झालं, बसायची उंची तीच राहिली. देशातल्या पुरुषांची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास, गाड्या त्याच हिशोबाने बनतात. त्यात गैर काही नाही. पण सहा फुटांच्या वरच्या माणसाने रोज गुडघे दुमडून, खांदे आखडून का जायचं?

या गाडीचे मालक सहा फूट तीन इंच, वजन 125 किलो. राहायला कोथरूडला, नोकरी चाकणला. नाशिक फाट्यापासून पुढे चाकण चौकापर्यंतची कोंडी रोजचीच, तिथे जड गाडी म्हणजे शिक्षाच. म्हणून त्यांनी 400 सीसीची, 180 किलोंची एक सिलिंडरवाली गाडीच ठेवायची ठरवलं, आणि ती अंगाला बसवून घ्यायची.

[दृश्य : मालक गाडीवर बसतात. मिस्त्री मागच्या अॅक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत माप घेतात.]

"मामा, ताठ बसू का?"

"नको, रोज बसता तसंच बसा."

मागच्या चाकाला वरखाली व्हायला एकूण 130 मिलिमीटर जागा. मालक बसले आणि त्यातली 65 गेली. अर्धी जागा गाडी उभी असतानाच संपली. साधारण एक तृतीयांश जावी, म्हणजे 40-45. उरलेली खड्ड्यांसाठी. ती नसेल तर शॉकअप तळाला आपटतो आणि दणका थेट कण्यात जातो. "गाडी कडक आहे" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेक जाड माणसांची गाडी खरं तर नरम असते.

बरेच जण इथे प्रीलोड आवळून देतात, म्हणजे आहे तीच स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवतात. त्याने गाडी वर उचलली जाते, पण स्प्रिंगचा कडकपणा होता तेवढाच राहतो. स्प्रिंगच बदलावी लागते. आणि इथलं गणित फार सुंदर आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे तेवढेच, घेर तोच, फक्त तार 11 ऐवजी 12 मिलिमीटरची घेतली, तर स्प्रिंग सुमारे 40 टक्के कडक होते. एका मिलिमीटरची करामत! फक्त कडक स्प्रिंग परत उसळतेही जोरात, म्हणून शॉकअप उघडून आतलं डॅम्पिंगही, म्हणजे उसळी आवरणारा तेलाचा अडसरही, वाढवावा लागतो. पुढच्या फोर्कला स्प्रिंगा आणि थोडं जाड ऑइल.

[दृश्य : सीटचं रेक्झीन काढलेलं. फोमचे थर.]

आता गुडघे. सीट आणि फूटरेस्ट यांच्यात अंतर वाढवायचं, तर फूटरेस्ट खाली घेणं सगळ्यात सोपं वाटतं. पण कात्रजच्या वळणांवर गाडी कलली की तोच फूटरेस्ट आधी रस्त्याला घासतो. म्हणून मिस्त्रींनी तो जेमतेम 20 मिलिमीटर खाली आणि थोडा मागे घेतला, उरलेलं काम सीटवर सोपवलं. खाली घट्ट फोम, वर मऊ, मिळून 40 मिलिमीटर उंची. नुसता मऊ फोम घातला असता तर या वजनाखाली तो चेपून पत्र्याला टेकला असता.

सीट वर गेली, की हँडलही वर हवं. हँडल उंच करणारे रायझर लावले. लगेच इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, मग उजवीकडे. उजवीकडे वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला. ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. पार्किंगमधून वळवताना गाडी अशी अचानक पळाली तर काय होईल, याचा विचार करा. केबल, ब्रेकचा होज, क्लचची वायर, सगळं नाना पेठेतून लांब मापाचं आणलं. हे न तपासता रायझर लावून देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

चासीला मात्र कटर लागलेला नाही. बाजारात येण्याआधी गाडीच्या मॉडेलची तपासणी होते. पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था हेच काम करते. चासी कापली की त्या तपासणीला अर्थ उरत नाही. शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, आणि कंपनीच्या मूळ रचनेला छेद देणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून इथला प्रत्येक ब्रॅकेट नटबोल्टवर आहे, आणि मालक काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून आलेत.

[दृश्य : कात्रज घाट, सकाळ.]

इंजिनाला हात लावलेला नाही. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, 15 ऐवजी 14 दातांचं केलं, चढावर ओढ सात टक्क्यांनी वाढली. ब्रेककडे मात्र जास्त लक्ष दिलं. 75 किलोंच्या माणसासह ही गाडी 255 किलो भरते, या मालकांसह 305. म्हणजे त्याच वेगावरून थांबताना सुमारे 20 टक्के जास्त ऊर्जा ब्रेकला जिरवायची आहे. नवे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल त्यासाठी. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडाही वाचून घेतला : 66 म्हणजे त्या एका टायरवर 300 किलो.

नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते. त्यामुळे काही आठवडे चाकणच्या फेऱ्या झाल्या की पुन्हा माप घ्यायचं, आणि त्यानंतर डबल सीट. मालकांच्या पत्नीला मागे बसवून मिस्त्री तेव्हा नवा हिशोब मांडणार आहेत, कारण गाडीच्या पुस्तकात दिलेली वजनाची मर्यादा स्प्रिंग बदलली म्हणून वाढत नाही.