स्वतःचा नंबर स्वतः लावता यावा

(डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेपुढे केलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

डॉक्टर मंडळी, नमस्कार. सकाळची ओपीडी आवरून आणि संध्याकाळची सुरू व्हायच्या आत तुम्ही इथे आलात, याबद्दल मनापासून आभार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'दवाखान्याची वेबसाइट दिव्यांगांना वापरता येईल अशी कशी करावी'. ते सांगणारच आहे. पण मी अंध माणसांना संगणक आणि मोबाइल शिकवते, आणि माझ्या वर्गातल्या एका काकांबद्दल आधी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ते अगोदर तुमचे पेशंट होते, मग माझे विद्यार्थी झाले.

काका एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं डायबेटिस, पुढे रेटिनोपॅथी, म्हणजे डायबेटिसमुळे डोळ्याचा पडदा खराब होणं, लेझर झालं, ऑपरेशन झालं, आणि आता उजेड-अंधार तेवढा कळतो. ही गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार! पण एक लक्षात घ्या. जन्मापासून अंध असलेला मुलगा शाळेतच ब्रेल शिकतो, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, शिकतो. पन्नाशीनंतर ज्याची नजर जाते त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि नेमक्या त्याच वयात दवाखान्याच्या फेऱ्या सगळ्यात जास्त असतात. साखर, किडनी, पाय, डोळे. तुमच्याकडे सारखा येणारा पेशंट तोच.

काका मात्र पटकन शिकले. चालत्या गाडीत नाणी चाचपून सुटे द्यायची सवय त्यांच्या बोटांना होतीच. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. बोट उजवीकडे सरकवलं की फोन पुढची गोष्ट वाचून दाखवतो, दोनदा टकटक केलं की ती उघडते. टॉकबॅक मराठीत बोलतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. संगणकावर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते काम हाती घेतलं. तेही फुकट आहे आणि मराठीसुद्धा वाचतं. कुणी म्हणेल, अंधांसाठी आम्ही काय वेगळं यंत्र आणायचं? काहीही आणायचं नाही. यंत्र पेशंटच्या खिशातच आहे. तुमची वेबसाइट त्या यंत्राशी बोलते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तर काकांना पुढच्या तपासणीचा नंबर स्वतः लावायचा होता. "सूनबाईंना दर वेळी काय सांगायचं, त्यांची नोकरी असते," असं ते म्हणाले. हॉस्पिटल नावाजलेलं, डॉक्टर तर फारच चांगले. मी शेजारी बसले, हात लावायचा नाही असं ठरवून.

साइट उघडली. वर ओपीडीच्या वेळा होत्या, म्हणजे मला दिसत होत्या. फोन म्हणाला, "व्हॉट्सॲप इमेज 2023 झीरो एट..." पुढे आकडेच आकडे. कुणीतरी वेळांचं पोस्टर करून घेतलं होतं, तेच व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्र जसंच्या तसं चढवलं होतं. (हशा) हो, हसू येतं, पण काका हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "म्याडम, हे वेळापत्रक कुठल्या डेपोचं?"

पुढे गेलो. "बटन. बटन. लेबल नसलेलं बटन." त्यातलं एक नंबर लावायचं होतं. कुठलं, ते दाबून बघायचं. पहिल्यानं फेसबुक उघडलं. तिसऱ्यानं फॉर्म उघडला. चौकटींना नावं नव्हती, फिकट करड्या अक्षरांत आत 'नाव', 'मोबाइल' लिहिलेलं होतं आणि टाइप करायला लागलं की तेही गायब. मग आलं कॅलेंडर. फोन वाचतोय, "तेवीस, चोवीस, पंचवीस." महिना कुठला? सांगत नाही. जागा कुठल्या दिवशी आहे? सांगत नाही, कारण रिकामे दिवस हिरवे आणि भरलेले लाल, आणि रंग काही वाचून दाखवता येत नाही. काकांनी अंदाजाने एक तारीख निवडली. ओटीपी आला. फोनने तो वाचेपर्यंत, काकांनी तो लक्षात ठेवून परत त्या चौकटीपर्यंत येईपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा ओटीपी मागवला, तर चित्रांतून ट्रॅफिक सिग्नल निवडायला सांगितलं. काकांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "सूनबाईंनाच सांगतो."

मला राग आला तो इथे. हॉस्पिटलात कुणीही वाईट वागलं नव्हतं. तिथे गेल्यावर रिसेप्शनवरची मुलगी हात धरून आत नेते, मी स्वतः पाहिलंय. पण अख्खं आयुष्य गाडीभर लोकांना तिकिटं दिलेल्या माणसाला स्वतःचा नंबर लावता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

आणि नंबर लावणं ही निम्मीच गोष्ट झाली. रिपोर्ट येतो तो पीडीएफ, पण आत स्कॅन केलेला फोटो. फोन म्हणतो, "रिकामं पान." मग तो रिपोर्ट शेजाऱ्याला वाचायला द्यायचा. एचबीएवनसी, म्हणजे साखरेचा रिपोर्ट आहे म्हणून चाललं. एचआयव्हीचा असता तर? लग्न न झालेल्या अंध मुलीचा प्रेग्नन्सीचा रिपोर्ट असता तर? मानसोपचाराची चिठ्ठी असती तर? तुम्ही रोज पेशंटची गोष्ट पोटात ठेवता, ती तुमची शपथच आहे. ती गोष्ट एका स्कॅनमुळे गल्लीत जाते. लॅबच्या सॉफ्टवेअरमधून थेट निघालेला पीडीएफ बहुतेक वेळा वाचता येतो. त्याची प्रिंट काढून, सही-शिक्का मारून परत स्कॅन केला की तो मुका होतो.

जुन्या मराठी फॉन्टबद्दलही सांगायलाच हवं. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली सूचना डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी आत भलतीच रोमन अक्षरं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, आणि ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नाही. 'तपासणीआधी काही खाऊ नये' ही सूचना अशी गेली तर काय होईल? म्हणून मजकूर युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे मराठी अक्षर प्रत्येक यंत्राला मराठीच कळेल अशा पद्धतीत, आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदवायला सांगा, म्हणजे यंत्र मराठी आवाजात वाचेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. विषय तर आत्ता सुरू होतोय, तेव्हा भरभर सांगते.

कायदा. दिव्यांगजन हक्क कायदा 2016, एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व. कलम 25 आरोग्यसेवेचं आहे, त्यात खासगी दवाखानेही येतात. कलम 42 माहिती-तंत्रज्ञानाचं. कलम 89 खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख. वेबसाइटसाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस 17802. आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ज्यांच्या अर्जांवर हा निकाल लागला त्यांत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा, असं त्यांना सांगितलं जात होतं.

आता करायचं काय. वेळा, पत्ता, फोन हे चित्रात नको, साध्या मजकुरात. प्रत्येक बटनाला आणि चौकटीला कोडमध्ये नाव. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान साडेचारास एक; मोतीबिंदू पिकत आलेल्या आजोबांना फिकट करडं अक्षर कसं दिसतं, हे तुमच्यातले नेत्रतज्ज्ञच जास्त चांगलं सांगतील. नुसत्या रंगाने काही सांगायचं नाही, 'जागा आहे', 'भरलं' असं लिहायचं. ओटीपीला पुरेसा वेळ.

कर्णबधिरांसाठी मेसेज करता येईल असा नंबर. 'अपॉइंटमेंटसाठी फोन करा' एवढंच लिहिलं की त्यांच्यासाठी दार बंद झालं. व्हीलचेअरवाल्यांसाठी खरी माहिती: किती पायऱ्या, लिफ्ट आहे का, तिचा दरवाजा किती रुंद, संडासात खुर्ची जाते का. नसेल तर 'नाही' असं लिहा. तीन मजले चढवून आणल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

इंग्लंडमध्ये 2016 पासून एक नियम आहे, तो मला फार आवडतो. पेशंटला माहिती कशी हवी, हे दवाखान्याने स्वतःहून विचारायचं आणि नोंदवून ठेवायचं: मोठ्या अक्षरांत, ईमेलने, खुणांच्या भाषेत. आपल्या केस पेपरवर ॲलर्जीच्या रकान्याखाली एक ओळ वाढवली की झालं. त्याला वेबसाइटही लागत नाही.

आणि एक धोका सांगते. 'ही एक ओळ कोडमध्ये टाका, कोपऱ्यात बटन येईल, साइट आपोआप नियमात बसेल' असं सांगणारे विक्रेते तुमच्याकडे येतील. घेऊ नका. त्या बटनाने अक्षर मोठं होतं, पण नाव नसलेल्या चौकटीला धड नाव मिळत नाही. असे दावे करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2025 मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले.

शेवटचं, आणि हे मात्र लिहून घ्या. वेबसाइट करणाऱ्याला पूर्ण बिल देण्याआधी माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब आणि एंटरच्या कळांनी स्वतःच्या दवाखान्यात नंबर लावून बघा. तो लागला की मग रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून तीच साइट तपासून घ्या. अंधशाळांमधून, आमच्यासारख्या वर्गांमधून तयार झालेली मुलं-मुली प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत. त्यांना चहावर बोलावू नका, फी ठरवून बोलवा. हे कसबाचं काम आहे आणि त्यांना ते येतं.